बहात्तर किलोचा माठ

कोपरी, ठाणे पूर्व
६ जानेवारी २०२५

ती. नाथाकाका,
सा. न.

पत्र बघून दचकू नका, कुणी गेलेलं नाही. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईल तुम्ही फक्त किती वाजले ते बघायला वापरता, असं तुमच्या संचिताच्या लग्नात काकूनेच सांगितलेलं. म्हणून लिहितेय.

काम असं आहे. मला सागाच्या फळीला गोल भोक पाडायचंय. फळी पाऊण इंच जाड, भोक साधारण नऊ इंचाचं. माठ ठेवायला. कमलेशचं (माझा नवरा, लग्नात तुम्ही त्याच्याकडे बघून "हा कोण" असं मोठ्याने विचारलेलं) म्हणणं की यूट्यूबवर सगळं असतं. त्याने ड्रिलला लावायच्या होल सॉचा अख्खा डबा आणला. दातेरी वाट्या असतात, एकात एक घातलेल्या. सगळ्यात मोठी वाटी अडीच इंचाची निघाली. दुकानदार डबा परत घेईना, म्हणून कमलेशने चपलांच्या कपाटाच्या दाराला सहा भोकं पाडली. चपलांना हवा लागते म्हणतो.

तर नऊ इंचाला कुठलं हत्यार घ्यायचं ते कळवा. या विषयात तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला विचारायचं तर बाबाच आहेत, आणि त्यांना विचारता येत नाही.

बाबा मजेत आहेत. तुम्हाला त्यांच्याबद्दल एक अक्षर कळवायचं नाही अशी त्यांची एकोणीस वर्षांची ताकीद आहे, त्यामुळे मजेत आहेत. या पत्राचं त्यांना माहीत नाही. टपाल दुपारी येतं तेव्हा मी कॉलेजच्या ऑफिसात असते, पण शेजारच्या जयाकाकू आमचं टपाल घेऊन ठेवतात. काळजी नसावी.

तुमची
प्रमोदिनी


शहाड
११ जानेवारी
(कार्ड १/२)

चि. पमू, आशीर्वाद.

तुझं पत्र पाच दिवसांनी आलं. चालत आणून दिलं असतंस तर आधी पोचलं असतं.

जानेवारीत माठ. बरं.

गोल भोक पाडायचं म्हटलं की लोक उठतात आणि हत्यारांच्या दुकानात जातात. आधी हत्यार बघायचं नसतं. दोन गोष्टी बघायच्या. भोक केवढं, आणि भोकातून निघालेल्या लाकडाचं काय करणार. दुसरी गोष्ट कुणी विचारतच नाही. आपल्या आबांच्या हाताखाली निघालेला तुकडा फेकला तर पाठीत कोन मापायचा गुण्या बसायचा.

बोटाएवढ्या भोकाला चपटं पातं चालतं. कपाटाच्या बिजागरीला फोर्सनरचं रुंद पातं, त्याचं भोक अगदी साफ येतं. पण या दोन्हीत आतल्या लाकडाचा भुगा होतो, हाती काही राहत नाही. कमलेशरावांच्या वाट्या नळाला, दिव्याला चांगल्या. त्यात चकती निघते, पण तिच्या मधोमध भोक. म्हणजे भोक पाडून मिळतं काय, तर आणखी एक भोक. याहून मोठ्याला एक कटर येतं, दांडीवर पातं पुढेमागे सरकवायचं. ते हातातल्या ड्रिलला लावायचं नाही. कमलेशरावांना ते दाखवायचंही नाही. माझ्या ओळखीच्या एकाचं अंगठ्याचं नख त्यात गेलं. मीच तो.

(कार्ड २/२)

नऊ इंचाला उरले तीन. लाकूड कोरायचा राउटर पट्टीवर फिरवायचा, नाहीतर विजेवर चालणारी करवत, जिगसॉ, नाहीतर हाताची अरुंद करवत. यातलं कुठलं ते सांगतो, पण आधी हे कळव. फळी किती लांबरुंद? जमिनीपासून किती उंच? वजन किती पेलायचं? आणि गोलाचं माप इंचात नको, भांड्यात सांग. आबांनी आयुष्यात कर्कटक विकत घेतलं नाही. वाटी, तांब्या, ताट, पातेलं, जे बसेल ते पालथं घालायचं आणि पेन्सिल फिरवायची. तुझ्या आजीला स्वयंपाकाला भांडं मिळायचं नाही, पण गोल चुकायचा नाही.

दादा कसा आहे असं मी विचारलेलं नाही. नीट वाच.

नाथाकाका


कोपरी
१७ जानेवारी

ती. नाथाकाका,

पोस्टकार्डं नकोत हो, पाकीट वापरा. जयाकाकूंनी दोन्ही वाचली. मला म्हणाल्या, "तुझ्या काकाला म्हणावं, आमच्या बेसिनखालच्या भोकाचंही सांग."

फळी अठरा बाय सतरा, पुढची कड जरा गोलसर. जमिनीपासून अठरा इंच. खाली चार पाय आहेत. मागे पाठ आहे आणि दोन्ही बाजूंना हात आहेत. वजन बहात्तर किलो.

भांडं म्हणजे आमचं काठवालं स्टीलचं पातेलं. तुमच्या पत्रातलं "पालथं घालायचं आणि पेन्सिल फिरवायची" एवढं वाचून मी तसंच केलं. कमलेशने मित्राकडून जिगसॉ आणला. खऱ्या फळीला हात लावायच्या आधी प्लायच्या तुकड्यावर करून बघितलं. गोल वरून बरा आला, खालून बटाटा. मग प्लाय दोन स्टुलांवर ठेवला, भोकात पातेलं सोडलं, आणि ते थेट फरशीवर गेलं.

बाबा बाहेरच्या खोलीत खिडकीजवळच्या कॉटवर असतात. तिथून विचारलं, "काय पडलं?"

मी म्हटलं, "माठ."

म्हणाले, "आवाज स्टीलचा आहे."

काका, जरा लवकर कळवा. घाई आहे. माठ पाणी घेईनासा झालाय.

प्रमोदिनी


शहाड
२३ जानेवारी
(कार्ड १/३)

चि. पमू,

पोस्टात पाकिटं संपलीत. आणि माठाच्या गोष्टीत लपवण्यासारखं काय आहे?

बहात्तर किलोचा, पाठ आणि हात असलेला माठ मी शहाडला तरी बघितला नाही. ठाण्याला मिळत असेल. मी काही विचारणार नाही. फक्त एवढं कळव, माठाला उठताना हातांचा आधार पुरतो का? आणि दुखणं उजव्या अंगाला आहे की डाव्या? त्या बाजूची कड जास्त गोल मारावी लागेल.

पातेलं पडलं कारण तू काठाच्या बाहेरून पेन्सिल फिरवलीस. मग काठ टेकणार कशावर, हवेवर? भोक काठापेक्षा पाऊण इंच लहान हवं. वाईट वाटून घेऊ नकोस. हीच चूक मी आबांच्या हाताखाली पहिल्याच महिन्यात केलेली, एका बाईच्या हंडे ठेवायच्या घडवंचीवर. दादाने आबांना सांगितलं, "मी केलं." मार त्याने खाल्ला. नंतर मला म्हणाला, "पुढच्या वेळी भांडं उलटं घालायच्या आधी डोकं सुलटं ठेव."

आता हत्यार. राउटर तुमच्या दोन खोल्यांत नको, आठवडाभर आमटीत भुसा येईल. जिगसॉचं पातं एका टोकालाच धरलेलं असतं, जाड सागात वळणावर खाली भटकतं. तुझा बटाटा त्याचाच. दादाने हेच मला टेंभी नाक्याच्या दुकानात गिऱ्हाईकासमोर सांगितलेलं. मी नवाकोरा जिगसॉ आणलेला, हौसेने भोक पाडून दाखवलं, तर म्हणाला, "भोक आहे की उंदराने कुरतडलंय?" गिऱ्हाईक हसलं. मी मशीन उचललं आणि शहाडला आलो तो आलोच. आता खरं सांगायचं तर

(कार्ड ३/३)

हे दादाला सांगू नकोस. कुणालाच सांगू नकोस. असो.

खऱ्या फळीला हात लावू नकोस, कमलेशरावांनाही लावू देऊ नकोस. माठ पाणी का घेत नाही ते आधी कळव.

नाथाकाका


कोपरी
१ फेब्रुवारी

ती. नाथाकाका,

एक नंबरचं आणि तीन नंबरचं कार्ड मिळालं. दोन नंबरचं नाही. जयाकाकू दोन दिवस मुलीकडे बदलापूरला गेलेल्या, त्यात कुठे गहाळ झालं असेल. तीन नंबर "हे दादाला सांगू नकोस" असं सुरू होतं. काय सांगायचं नाही ते कळलं नाही, त्यामुळे सांगितलेलं नाही.

माठाचं आता पुरे झालं काका. तुम्ही ओळखलंत ते मला कळलं आणि मी तुमचं कार्ड घेऊन गच्चीवर जाऊन बसले.

बाबा नोव्हेंबरात बाथरूममध्ये पडले. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. वॉकर धरून चार पावलं टाकतात, पण संडासापर्यंत जायचं तर मला नाहीतर कमलेशला धरून. ते टाळायला त्यांनी पाणी सोडलंय. दिवसभरात दोन वाट्या, त्याही गोळ्या गिळायला. गेल्या आठवड्यात लघवीच्या इन्फेक्शनने ताप चढला. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर किडन्या जातील, मग माझ्याकडे आणू नका, थेट ॲडमिट करा. मी बाबांसमोर रडले, भांडले, तुमच्या आईची शपथ घातली. म्हणाले, "मुलीने बापाला संडासला न्यायचं, त्यापेक्षा तहान बरी."

तयार खुर्ची मिळते तशी, स्टीलची, चाकांची, मधे भोक असलेली. आणलेली. तिच्याकडे एकदा बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. "हॉस्पिटलचं भांडं माझ्या घरात नको." आता तिच्यावर टॉवेल वाळतात.

ते बसतात फक्त त्यांच्या सागाच्या खुर्चीत. फळी म्हणजे त्याच खुर्चीची बैठक. परवा मी ती उलटी करून बघितली. खाली पेन्सिलने तुम्हा दोघांच्या नावांची पहिली अक्षरं लिहिलीत, दौ. ना. १९८८. करवत घेऊन बसले होते, पण ते वाचल्यावर हात चालेना. भीती वाटते काका. ही खुर्ची माझ्या हातून बिघडली तर त्यांना या घरात बसायला जागा उरणार नाही. आणि नाही कापली तर पाणी पिणार नाहीत. काय करू ते सांगा.

पमू


शहाड
६ फेब्रुवारी

पमू,

हे पाकीट आहे. शेजाऱ्यांकडून मागून आणलं.

बैठक खालून चार पितळी स्क्रूंवर आहे. पुढचा डावा स्क्रू उलटा फिरतो असं वाटेल, तसं नाही, तो फक्त हट्टी आहे. काढ आणि कमलेशरावांकडून मला पाठव. पातेलंही पाठव.

दादा विचारेल तर पॉलिशला दिलीय सांग. तो विचारेल, पॉलिशला बैठक एकटीच कशी गेली? तेव्हा काय सांगायचं ते मला सुचलेलं नाही.

तू घाबरू नकोस. त्या खुर्चीत पाय, पाठ आणि हात त्याचे, बैठक माझी, अशी वाटणी होती. तिला भोक पाडायचा हक्क कुणाला असेल तर मला आहे.

दोन नंबरच्या कार्डात विशेष काही नव्हतं. जिगसॉचंच होतं.

नाथाकाका


शहाड
१५ फेब्रुवारी

चि. पमू,

कमलेशरावांबरोबर बैठक देतोय. माणूस चांगला आहे. त्यांना येताना हत्यारांच्या दुकानात शिरू देऊ नकोस म्हणून लिहिणार होतो, पण ते शिरूनच इथे आलेले.

माझ्याकडे तीन जिगसॉ आहेत, राउटर आहे. सगळे बाकावर मांडले आणि चार दिवस नुसता बघत बसलो. तुझी काकू म्हणाली, "प्रदर्शन लावलंय का?" एकोणीस वर्षं मशीनवर काम केलं मी, पण या कामाला मशीन घेतलं असतं तर त्याने एका नजरेत ओळखलं असतं आणि उंदीर पुन्हा बाहेर काढला असता. तेव्हा हाताने केलं.

सगळा वळसा करवत तिरपी धरून घेतलाय. त्याने चकती वरून रुंद आणि खालून निमुळती निघते, बाटलीच्या बुचासारखी. ती परत भोकात बसते आणि खाली पडत नाही. झाकण लावलं की ती नेहमीची खुर्ची. आल्यागेल्याला काही कळणार नाही, चहा प्यायला बसला तरी. करवत आत घालायला आधी बोटाएवढं भोक पाडावं लागतं, तेच झाकण उचलायला ठेवलंय. कड काचेच्या तुकड्याने खरवडून गोल केलीय, उजवीकडे जास्त. मी स्वतः चार वेळा बसून बघितलं. काकूने मला तसं बघितलं आणि दार ओढून घेतलं.

खाली दोन पट्ट्या मारल्यात. पातेलं मागून सरकतं. म्हणजे काढायला येणाऱ्याला त्याच्यासमोर जावं लागणार नाही, तोंडाकडे बघावं लागणार नाही. रिकामं पातेलं लावून, दार लोटून बाहेर जायचं. बाकी त्याचं तो बघेल.

आता एक सांगून टाकतो. ही अरुंद करवत दादाचीच आहे. त्या दिवशी मशीनबरोबर रागाने तीही उचललेली. वापरली कधीच नाही. दर दसऱ्याला तेल लावतो, पूजेत ठेवतो, परत गुंडाळतो. ती हरवली असं तो म्हणत असेल, तर म्हणू दे.

कुणी केलं म्हणून विचारलं तर ठाण्यातला एक सुतार, एवढंच सांग.

नाथाकाका


कोपरी
२० फेब्रुवारी

ती. नाथाकाका,

बैठक बसवली. हट्टी स्क्रूने कमलेशला तासभर बसवलं.

बाबा कॉटवर होते. पेपर वाचत होते, पान उलटत नव्हते. मग वॉकर घेऊन उठले. मी धरायला गेले तर हात झटकला. खुर्चीपाशी उभे राहिले, बोट घालून झाकण उचललं, परत लावलं, पाव वळसा फिरवून लावून बघितलं, मग पहिल्यासारखं लावलं. कडेवरून अंगठा फिरवला. खालून हात घालून बराच वेळ चाचपत राहिले.

"कुणी केलं?"

"ठाण्यातला एक सुतार."

"नाव काय?"

"विचारलं नाही."

"ठाण्यात असा सुतार नाही," म्हणाले आणि बसले. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाणी आण."

तांब्या नेला. अख्खा प्यायले. दुसरा मागितला. तोही प्यायले. मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि रडून घेतलं. इतकी वर्षं या माणसाच्या हाताखाली वाढले, पण त्यांना पाणी पिताना बघून असं होईल असं वाटलं नव्हतं. नंतर त्यांनी दार लोटून घ्यायला सांगितलं. मी बाहेर जयाकाकूंकडे जाऊन बसले, त्यांच्या बेसिनचं भोक बघत.

ताप उतरलाय. लघवी साफ आहे. हे पत्रात लिहू नये, पण तुम्हाला लिहिते.

एक आणखी. बाबांनी माझ्याकडे पोस्टकार्ड मागितलं. माझ्याकडे नाही म्हटलं, तर म्हणाले, "मिळतं पोस्टात, आण." कशाला ते सांगत नाहीत.

तुमची
पमू


कोपरी
२२ फेब्रुवारी

नाथा,

काम बघितलं. कड चांगली आहे. झाकण उजवीकडे अर्धं सूत सैल आहे. आपल्या दुकानातून असं काम कधी गेलेलं नाही.

खालच्या अंगाला काच मारायची राहिली, तिथे ओरखडे लागतात हाताला, सारख्या अंतरावर. माझ्या करवतीचा एक दात वाकडा होता. मीच खिळ्यावर घातलेला. म्हणजे करवत हरवलेली नाही.

तुझं दोन नंबरचं कार्ड माझ्याकडे आहे. जया गावाला गेलेली, पोस्टमनने खिडकीतून टाकलं, ते माझ्या पांघरुणावर पडलं. तेव्हापासून उशीखाली आहे. पमूला सांगितलं नाही, तूही सांगू नकोस. त्यात माठ बहात्तर किलोचा लिहिलायस, ते वजन ऑपरेशनच्या आधीचं. आता चौसष्ट.

त्यात तू लिहिलंयस, दादा म्हणालेला मशीन कान खाईल, आणि खाल्लेच, आता शेजारी फोन वाजला तरी कळत नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुझं नाव घ्यायचं नाही असं मीच सगळ्यांना बजावलेलं, मग कोण सांगणार? संचिताच्या लग्नपत्रिकेवर तुझा नंबर होता. तेव्हापासून दर दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की फोन लावतो. वाजतो आणि बंद होतो. मला वाटायचं, नाव बघून उचलत नाहीस.

करवत घेऊन ये आणि झाकण नीट कर. मशीन आणायचं नाही.

मोठ्याने ओरडून बोलावं लागेल, ते मी करीन. घसा चांगला आहे. पाणी पितोय.

दादा